राष्ट्रपतींच्या वतीने पाच मिनिटं

या फेरीपुरतं तुमचं वय सतरा, आणि तुम्ही मुलगी आहात. पुरुष वाचकांनी कुरकुर करू नये. १९७८ च्या नागपुरात आकाशवाणीच्या दारातून आत जायला मिळणं म्हणजे काय, हे मुलीइतकं कुणालाच कळत नव्हतं.

महिना डिसेंबर. अंगात आईने विणलेला स्वेटर. सायकलच्या कॅरिअरला वही, आणि वहीत फुलस्केपचे चार कागद, एकाच बाजूला लिहिलेले. टाचणी लावलेली नाही. का, ते आत गेल्यावर कळेल.

तुम्ही शंकरनगरहून निघाला आहात. एलएडी कॉलेजात बारावीला आहात. दहा अधिक दोनची पद्धत नवी आहे, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना तुम्ही नेमक्या कितवीत आहात हे दर वेळी समजावून सांगावं लागतं. लॉ कॉलेज चौक, महाराजबाग आणि मग सिव्हिल लाइन्सची मोठाली झाडं. अधिवेशन सुरू आहे. जुलैत मुख्यमंत्री झालेल्या शरद पवारांनी अजून चाळिशीही गाठलेली नाही. विधानभवनाकडे गाड्यांची रांग, कुठला तरी मोर्चा अडवून धरलेला, हवालदार सायकलवाल्यांवर खेकसतायत. तुम्ही उतरून सायकल हातात धरता आणि पायी पुढे निघता. उशीर होईल या धास्तीने पोटात गोळा आला आहे.

फाटकावर शिपाई विचारतो, "कुठं?"

"युववाणी. रेकॉर्डिंग आहे."

तुम्ही कागद दाखवता. तो कागद नीट पाहून ठेवा, कारण सगळी गोष्ट त्या कागदापासूनच सुरू झाली आहे.

गेल्या आठवड्यात पोस्टमनने तो आणला तेव्हा वडिलांनी चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचला होता. लिफाफा सरकारी आणि आत करारपत्र. कार्यक्रम: युववाणी. वेळ: पाच मिनिटं. मानधनाचा आकडा हाताने भरलेला. खाली केंद्र संचालकांसाठी सही आणि तिच्यावर छापलेली ओळ, की हा करार भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने केला जात आहे. आकाशवाणीचे सगळेच करार असे असतात; गवयाचे, शेतीतज्ज्ञाचे, सगळ्यांचे. पण तुमच्या नावामागे 'कुमारी' आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रपती, असा कागद त्या घरात याआधी कधी आला नव्हता.

मागच्या वर्षी कॉलेजच्या एकांकिकेत तुमची निवड झाली होती. प्रयोग धनवटे रंगमंदिरात होता. वडील "नाही" म्हणाले आणि विषय तिथेच मिटला. शे-दोनशे लोकांनी आपल्या मुलीकडे टक लावून पाहायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. आकाशवाणीला मात्र ते चटकन हो म्हणाले. "सरकारी आहे ना? मग जा." रेडिओवर आवाज जातो, चेहरा जात नाही. शंभर गावांनी तुमचं बोलणं ऐकलं तरी रस्त्यात कुणी ओळखणार नाही. त्या काळच्या कितीतरी घरांत मुलींना जाहीरपणे बोलायची परवानगी मिळाली ती या एका सोयीमुळे. दिल्लीत योजना आखणाऱ्यांच्या हे डोक्यात असेल असं मला वाटत नाही.

त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. शिपाई रजिस्टरमध्ये तुमचं नाव लिहितोय, तेवढ्यात ते सांगून टाकतो. युववाणी दिल्लीत सुरू झाली २१ जुलै १९६९ ला. तारीख ओळखीची वाटली तर बरोबर आहे. त्याच दिवशी, आपल्या घड्याळाने सकाळी साडेआठच्या सुमाराला, नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला होता. पंधरा ते तीस वयाच्या श्रोत्यांसाठी, त्याच वयाच्या मुलामुलींनी केलेले कार्यक्रम, अशी ती कल्पना. पुढे एकेका केंद्रावर त्याच नावाने रोजचा वेळ राखून ठेवला गेला. जगभर तेव्हा तरुण रस्त्यावर उतरलेले होते आणि सरकारांना तरुणांची आठवण अशा वेळीच येते. रेडिओचा अनुभव तर असा, की तरुण आधी दुसरीकडे निघून जातात आणि सरकारी माध्यम मागून धावतं. समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरून चोरटी केंद्रं गाणी वाजवू लागली आणि इंग्लंडची पोरं तिकडे वळली, तेव्हा बीबीसीने १९६७ मध्ये रेडिओ वन काढलं. आपल्याकडे बाळकृष्ण केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं आणि घराघरांतले काटे रेडिओ सिलोनवर जाऊन बसले. मग १९५७ मध्ये विविध भारती आली. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ ला, त्याही मुंबई आणि पुण्याबरोबर आपल्या नागपुरातून. गाणी झाली, जाहिराती झाल्या, मग नंबर लागला तरुणांचा.

रजिस्टरचं झालं. चला आत.

ही वास्तू नव्या केंद्राची नाही. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ चं, म्हणजे हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं तेव्हाचं. राजधानी गेली, केंद्र राहिलं. लांब व्हरांडा, खोल्यांच्या दारांवर पाट्या, कुठल्याशा खोलीतून तबला ठोकून सुरात लावल्याचा आवाज. ड्यूटी रूमसमोर दोघं चहा पिता पिता गावस्करबद्दल बोलतायत; महिन्याच्या सुरुवातीलाच त्याने वेस्ट इंडिजविरुद्ध मुंबईत २०५ काढल्या आहेत. तुमच्याकडे कुणी बघत नाही. तुम्हाला वाटलं होतं बघतील.

कार्यक्रम अधिकारी बाई टेबलाशी आहेत. सुती साडी, केसांचा अंबाडा, हातात लाल पेन्सिल. "आण." कागद घेतात. वाचताना त्यांचे ओठ हलतायत, कारण त्या अर्थाबरोबर वेळही मोजतायत. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द, म्हणजे पाच मिनिटांना साडेपाचशेच्या आसपास. तुम्ही साडेसातशे लिहून आणले आहेत.

तुमचा विषय 'बारावीनंतर काय?'. दुसऱ्याच परिच्छेदात तुम्ही ठणकावलं आहे की या सरकारला तरुणांची काडीचीही पर्वा नाही. लिहिताना ते वाक्य तुम्हाला फार आवडलं होतं. पेन्सिल तिथे थांबते आणि वाक्यावर आडवी फिरते.

तुम्ही मनात म्हणता, झालं, सेन्सॉर. चुकीचं नाही म्हणत. आकाशवाणीची एक आचारसंहिता आहे: मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म-जातींवर हल्ला नको, राजकीय पक्षाचं नाव घेऊन झोडपणं नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर विखारी टीका नको. आणीबाणी उठून दोन वर्षंही झालेली नाहीत. त्या काळात या माध्यमाचा आवाज कसा एकसुरी झाला होता, हे तुम्ही शाळकरी वयातही ऐकलं आहे. याच वर्षी फेब्रुवारीत बी. जी. वर्गीस समितीने सांगितलं, की आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्या हातून काढून स्वायत्त संस्थेकडे द्या. त्या शिफारशीची वाट पुढे प्रसार भारतीपर्यंत जाते, पण कायदा व्हायला १९९० उजाडतं आणि अंमलात यायला १९९७. तोवर पेन्सिल लालच.

पण बाई पुढे काय विचारतात ते ऐका.

"घरी बेकार कोण आहे?"

"दादा. बी. कॉम. झालाय."

"दिवसभर काय करून राहिलाय तो?" हे विचारताना त्याही नागपूरच्या होतात.

तुम्ही सांगता. सकाळी एम्प्लॉयमेंट एक्सचेंजला जातो. कार्ड रिन्यू करायचं असतं. रांग असते. परत येतो. संध्याकाळी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करतो. रोज. इंटरव्ह्यूचा कॉल आलेला नसतो, पण शर्ट तयार पाहिजे म्हणतो.

बाई पेन्सिल खाली ठेवतात. "हे का नाही लिहिलं?"

तुमच्याकडे उत्तर नाही. असलं घरातलं रेडिओवर सांगायचं असतं हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कडेला, उभ्याने तुम्ही तो परिच्छेद नव्याने लिहिता. सरकार त्यातून गेलं आणि शर्ट आला. ऐकणाऱ्याला सरकारची आठवण शर्टानेच होणार आहे, हे बाईंनाही कळतं आणि तुम्हालाही. त्यावर कुणी काही बोलत नाही.

इथे मला थांबून एक सांगायचं आहे. ही लाल पेन्सिल दर वेळी इतकी भली नव्हती. कित्येक खऱ्या गोष्टी तिच्याखाली गेल्या असतील; त्या गेल्या म्हणूनच आपल्याला ठाऊक नाहीत. पण सतरा वर्षांच्या मुलीचे चार कागद कुणी जाणत्या बाईने समोर बसवून, शब्द मोजत, ओळीओळीने वाचावेत, हे त्या मुलीच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. कॉलेजात तसं कुणी वाचत नव्हतं. घरी तर नाहीच.

आता स्टुडिओ. पहिलं जाड दार, मध्ये हातभर जागा, मग दुसरं तसंच जाड दार. ते मागे लागलं की कान दडपल्यासारखे होतात. भिंतींना भोकाभोकांच्या पांढऱ्या पट्ट्या. नागपूर बाहेर राहिलं: मोर्चा, घंट्या, रिक्षावाले, सगळं. टेबलावर कापड अंथरलेलं, त्यावर मायक्रोफोन, समोर काच, काचेपलीकडे टेपचं यंत्र आणि त्यापाशी बसलेला माणूस. भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ.

"आवाज दे," काचेपलीकडून स्पीकरवर येतं.

"काय बोलू?"

"सकाळी काय खाल्लं ते सांग."

तुम्ही सांगता, पोहे. तो काटा बघतो. "माइकपासून वीतभर मागं. आणि कागद वाजवायचे नाहीत."

टाचणी का नव्हती ते आता कळलं. वाचून झालेलं पान उचलायचं नाही, उलटायचं तर नाहीच. हळूच बाजूला सरकवायचं. माइकला कागद वाऱ्यासारखा ऐकू जातो. पान दोन्ही बाजूंनी लिहिलं असतंत तर इथे पंचाईत झाली असती.

लाल दिवा लागतो.

पहिल्या वाक्याला तुमचा श्वास संपतो. तिसऱ्या वाक्याला तुम्ही "जाऊन राहिला आहे" म्हणता, कागदावर "जातो" असताना. टेप थांबते. "पुन्हा." दुसऱ्यांदा दादाच्या शर्टापर्यंत येता आणि आवाज हलतो. बाई काचेपलीकडे आलेल्या दिसतात. त्या हाताने खूण करतात: चालू ठेव. शेवटच्या वाक्याला तुम्ही घड्याळाकडे पाहता. चार मिनिटं आणि पन्नास सेकंद. उरलेले दहा निवेदकाचे.

"जाऊन राहिला" पुन्हा म्हणायला लावून दुरुस्त केलं, ते मला आजही खटकतं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात वऱ्हाडी बोली चालायची, तिथे ती शोभेची होती. तरुणांनी मात्र प्रमाण मराठीतच तरुण असायचं. साकोलीच्या किंवा आर्वीच्या एखाद्या मुलीला तुमच्याहून खूप काही सांगायचं असेल आणि ती आवाजाच्या चाचणीलाच बाद झाली असेल. तरुणांचा कार्यक्रम तरुणांनी करायचा, हे तत्त्व चांगलंच. पण कोणत्या तरुणांनी, याचं उत्तर बरंचसं धरमपेठ आणि शंकरनगरच्या बाजूला झुकलेलं होतं.

बाहेर पडताना पावती. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायची, म्हणजे अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर. आयुष्यातली पहिली कमाई. चेक नंतर येईल.

प्रसारणाच्या संध्याकाळी नागपुरात टीव्ही नाही, तो यायला अजून काही वर्षं आहेत. त्यामुळे रेडिओ सांगेल तेच. वडील अर्धा तास आधीच रेडिओ लावून बसतात. जुना व्हॉल्व्हचा सेट, गरम व्हायला वेळ घेतो. गेल्या महिन्यात, २३ नोव्हेंबरला, नव्या जिनिव्हा आराखड्याप्रमाणे मध्यम लहरींच्या केंद्रांनी आपापल्या जागा जराजरा बदलल्या; वडिलांचा हात सवयीने जुन्या खुणेवर जातो आणि मग ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर सापडतं. सेटच्या शेजारी पोस्टातून दर वर्षी शिक्का मारून आणायचं लायसन्सचं पुस्तक. आई स्वयंपाकघराच्या दारात. दादा घरात नाही, मुद्दाम बाहेर गेलाय. त्याला तुम्ही सांगितलं आहे.

निवेदिका तुमचं नाव घेते. 'कुमारी' म्हणते. मग एक पातळ, अनोळखी आवाज सुरू होतो. आई पुटपुटते, "ही आपली आहे?" शर्टाची ओळ येते तेव्हा वडील काट्याशी काहीतरी खुडबुड करतात, स्टेशन मुळीच हललेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी कुंपणावरून हटकतात. "काय वं पोरी, रेडिओवर कोनाची भाषा बोलून राह्यली होती? म्या म्हनलं पुन्याची पाहुनी आली का काय!" आणि मग, जरा खालच्या आवाजात, "दादाले कॉल आला का वं?"

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. पोचलं होतं.

आता तुम्हाला मोठ्या उड्या मारायला लावतो, कारण पुढच्या दशकांत रमण्यासारखं फार नाही. लायसन्सची पुस्तकं १९८० च्या दशकात रद्दीत जातात. १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू होते. तिचं एक मेगावॉटचं प्रक्षेपण नागपूरजवळच्या बुटीबोरीहून, कारण देशाच्या मध्यावरून रात्री आवाज चहूकडे जातो. खांब आपल्या मातीतला, कार्यक्रम दिल्लीचे. डिसेंबर २०१८ मध्ये ती वाहिनी बंद करण्याचा आदेश निघतो. बीबीसीने २००७ मध्ये किशोरवयीनांसाठी 'स्विच' नावाचं खास दालन उघडलं, झगझगीत नाव आणि बोधचिन्हासकट. २०१० मध्ये ते गुंडाळलंही. युववाणीला बोधचिन्ह कधी लागलं नाही. तिच्याकडे होती एक ठरलेली वेळ, एक टेबल आणि एक लाल पेन्सिल, आणि एवढ्यावर तिने दशकं काढली. तरुणांसाठी काही काढायचं असेल तर आधी त्यांना आत बोलवा आणि त्यांचे कागद वाचा, नाव काय ठेवायचं ते मागाहून बघता येतं. सरकारी खात्याने हे काम अर्धवट केलं, आकसून केलं, पण केलं.

तुमची ती पाच मिनिटं मात्र आता ऐकता यायची नाहीत. स्पूल महाग होते. प्रसारण झालं की टेप पुसून तिच्यावर दुसरं काही चढवायचं, ही तेव्हाची रीतच होती. गायकांच्या, नेत्यांच्या टेपा जपल्या गेल्या. बारावीच्या मुलींच्या कोण जपणार?

राहिले असतील ते कागद. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ इकडच्या घरांत आज साठीच्या आसपासची जी माणसं आहेत, त्यांच्यातली कितीतरी कधी ना कधी त्या काचेसमोर बसलेली आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत करारपत्र असेल, लाल रेघांचं हस्तलिखित असेल, कुणा श्रोत्याचं पोस्टकार्ड असेल. आईला, मावशीला, आत्याला एकदा विचारा. सापडलं तर रद्दीत घालू नका. फोटो काढा, मागे साल लिहा, आणि त्यांनाच ते पुन्हा मोठ्याने वाचायला सांगून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. या वेळी "जाऊन राहिला" म्हणाल्या तर टेप थांबवू नका.